सालीसकट लाकूड

"काऊन जी, हे लाकूड कुठलं होय?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. कुंपणापलीकडून एक माकडटोपी वर आली आणि पाठोपाठ हा प्रश्न. नेदरलँड्समधलं आइंडहोवन, करोनाचा पहिला मार्च महिना, ऑफिस उचलून जेवणाच्या टेबलावर आलेलं, आणि मी जरा ऊब मिळावी म्हणून मागच्या बागेत शेगडी पेटवायच्या खटपटीत. मी म्हटलं, "पेट्रोल पंपावरून आणलंय, काका."

"ते समजलं. पंपावर कुठून आलं?"

"आता ते मला काय माहीत!"

"सालीसकट आहे," ते म्हणाले. डॉक्टर 'ताप आहे' म्हणतात ना, तसं. मग हात लांब करून त्यांनी एक ओंडका मागून घेतला, अंगठ्याच्या नखानं सालीचा पापुद्रा उचलला, आत डोकावले, वास घेतला, कानाशी नेऊन ठोकला आणि परत दिला. "आज तर काही दिसून नाही राहिलं." म्हणजे आज सुटलात, उद्याचं उद्या बघू. मला असा राग आला म्हणता! चार लाकडं काय आणली, तर चोरी पकडल्यासारखं उभं राहायचं, तेही स्वतःच्या बागेत.

हे शेजारच्या रश्मीचे बाबा. रश्मी आणि मी एकाच कंपनीत, त्यामुळे येणंजाणं होतं. तिच्या बाबांचं नाव मी कधी विचारलं नाही आणि आता इथं सांगायचीही गरज वाटत नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त होतात, पण ऑफिसातली खुर्ची सोबत घेऊन फिरतात. यांनी तर अख्खा नाका आणला होता.

ते वनखात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं गोंदियाकडून बालाघाटला जाणाऱ्या रस्त्यावर, राज्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर गेली. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, बैलगाडी असो, हात वर करून थांबवायची, ताडपत्री उचलायची, वाहतुकीचा पास बघायचा, लाकडावर हातोड्यानं मारलेला शिक्का बघायचा. चोरीचं लाकूड पकडायचं ते तर होतंच, पण त्यांचा खरा वैरी वेगळाच होता. एका वर्षी हद्दीपलीकडच्या जंगलात भुंगा पडला. उभी झाडं आतून पोखरली गेली, बुंध्याशी भुशाचे ढीग साचले. वरून हुकूम आला की पलीकडचं सालीसकट लाकूड अलीकडे येऊ द्यायचं नाही, सरपणाची मोळीसुद्धा नाही.

"ताई, किडा स्वतःहून लय लांब नाही जात," ते मला समजवायचे. "त्याले कोनीतरी नेते, तेव्हा जाते. कोनी चुलीसाठी नेते, कोनी शेकोटीसाठी. मानूस नेते लाकूड, अन् किडा सालीखाली बसून फुकटात गाव बदलते. मोळी लहान का मोठी, ते नाही पाहाचं. साल आहे का, ते पाहाचं."

तो हुकूम सरकारनं केव्हा मागे घेतला, देव जाणे. यांच्यापुरता तो चालू होता.

आले होते तीन महिन्यांसाठी. लेकीचा संसार बघायचा, ट्यूलिपची शेतं बघायची आणि एप्रिलअखेर परत. रश्मीची आई आलीच नव्हती. "विमान-बिमान मले झेपत नाही, अन् गाईले कोन पाहीन?" म्हणून ती मागे राहिली. आणि मग काय, विमानंच थांबली. एप्रिलचं तिकीट रद्द झालं, पुढचं काढलं, तेही रद्द झालं. तिकडे आमगावच्या घरात ती एकटी, इकडे हे. तसे ते आपल्या तोंडानं काही बोलायचे नाहीत. पण रोज सकाळी रश्मीला विचारायचे, "आज काही म्हटलं का विमानवाल्यानं?" आणि ती नाही म्हणाली की टोपी चढवून बाहेर पडायचे, लोकांची लाकडं बघायला.

रोज दुपारी बायकोचा फोन यायचा. हे फोन कानाला लावत नसत, हातात समोर धरून फुटपाथवर येरझाऱ्या घालत, त्यामुळे आमच्या अख्ख्या रस्त्याला त्यांचा संसार ऐकू यायचा. रश्मी सोडून मराठी कळणारी मी एकटी, म्हणून बरं.

"काय करून राहिले?" ती विचारायची.

"पाहून राहिलो."

"लोकायच्या लाकडात नाक खुपसून राहिले असाल, अजून काय!"

"अवो, इथं नाकाच नाही! बेल्जियम सायकलनं जायच्या अंतरावर आहे, अन् येणाऱ्याले कोनी विचारत नाही का बाबा काय आणलं."

"मग या ना घरी. इथं लय नाके बसले. जिल्ह्याबाहेर जायले पास लागून राहिला, मानसायले!"

"मानसायले?" हे थांबून हसले. "चला, शेवटी सरकारले समजलं."

तीही हसली. तिचं हसणं खणखणीत होतं. मी खिडकीत भांडी पुसत ऐकत असायचे, आणि खरं सांगते, त्या दिवसांत ते हसणं कानावर पडलं की बरं वाटायचं. बाकी सगळा संशयाचा कारभार होता. दुधाचा खोका धुवायचा, दाराची कडी पुसायची, समोरून कुणी आलं की पलीकडच्या फुटपाथला जायचं. जो तो दुसऱ्याकडे 'याच्यात काहीतरी आहे' म्हणून बघत होता. रश्मीच्या बाबांना मात्र त्यात नवीन काही वाटत नव्हतं. ते जन्मभर तसंच बघत आले होते.

आता मजा बघा. ते सगळ्यांवर नजर ठेवून होते, तर इकडे रस्ता त्यांच्यावर नजर ठेवून होता. इथं गल्लीगल्लीत शेजाऱ्यांचा पहाऱ्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, संशयास्पद कुणी दिसलं की कळवायचं. एका सकाळी त्यावर फोटो आला. माकडटोपी, मफलर, स्वेटरवर जाकीट, आणि कुणाच्या तरी शेडमागे वाकून बघणारे आमचे काका. खाली डचमध्ये लिहिलेलं, 'या गृहस्थांना कुणी ओळखतं का? गेले काही दिवस घरांच्या मागे फिरत आहेत.' कर्म माझं! मी घाईघाईनं लिहिलं की हे आमच्या शेजारणीचे वडील, भारतातले वनाधिकारी, लाकडातल्या किडीचे जाणकार. जाणकार वगैरे मी आपलं दडपून दिलं. लगेच दोघांनी अंगठे दिले आणि एका बाईनं विचारलं, आमच्या टेबलाखाली भुसा पडतोय, येऊन बघतील का? काका गेले. लांबून बघितलं, बाईंना मागे सरायला लावलं, टेबल ठोकलं आणि जाहीर केलं की किडा आहे, जाळून टाका. त्यांच्या नवऱ्यानं आदल्या दिवशी टेबलाला भोकं पाडली होती, ड्रिलनं. मी ते भाषांतर करता करता जे काही सोसलं, ते माझं मला माहीत.

इथल्या एकाच लाकडावर त्यांचा विश्वास बसला. सुपरमार्केटच्या मागे माल उतरवायच्या लाकडी पाट्यांची, म्हणजे पॅलेटची, चळत असते ना, तिच्यावर. एके दिवशी मला हाताला धरून न्यायचेच बाकी होते, दीड मीटरवरून खुणा करत घेऊन गेले. पाटीच्या कडेला जाळून उठवलेला शिक्का होता, गव्हाच्या लोंबीचा, शेजारी देशाची अक्षरं. रश्मीनं त्यांना वाचून दाखवलं होतं की परदेशातून येणाऱ्या पेट्या-पाट्यांचं लाकूड भट्टीत तापवून, आतला किडा मारून, मगच असा शिक्का मारतात. नाही तर माल बंदरात अडतो. "पाहा ताई," ते म्हणाले आणि त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. "शिक्का आहे. असं पाहिजे." त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी सॅनिटायझरची बाटली काढली होती ती तशीच पर्समध्ये ठेवली.

पण जळणाच्या लाकडाला शिक्का नाही, हे काही त्यांना पटेना. त्यातही समोरच्या घरातला हेंक त्यांच्या डोळ्यात खुपत होता. हेंकच्या भिंतीला लागून खांद्याएवढी लाकडांची रास. त्याच्या मेव्हण्याची बेल्जियमच्या बाजूला थोडी झाडी होती, तिथून तो गाडीमागे छकडा जोडून लाकूड आणायचा. हद्दीपलीकडचं, बिनशिक्क्याचं, आणि सालीसकट! आणखी काय हवं? काकांनी रश्मीला सरकारचे नियम वाचायला बसवलं. तिनं वाचून सांगितलं की एखादा भाग किडीचा म्हणून जाहीर झाला असेल तर तिथलं लाकूड हलवता येत नाही. एरवी शेजारच्या देशातून असं घरचं जळण आणायला कागद लागत नाही. शक्यतो जिथलं लाकूड तिथंच जाळा, अशी विनंती आहे.

"विनंती?" काका म्हणाले. "किड्याले विनंती?"

मग ते रोज हेंकच्या राशीसमोर उभे राहू लागले. हेंक सभ्य माणूस, हात हलवायचा. हे हात हलवत नसत, मान हलवायचे, 'चालू द्या, कळतंय आम्हाला सगळं' अशी. बेल्जियमनं साथीपायी हद्द बंद केली आणि रस्त्यांवर अडथळे टाकले, तेव्हा टीव्हीवर ते बघून घरात एकट्या काकांना आनंद झाला, असं रश्मीनं सांगितलं. म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. "पाहा, आता पाहून राहिले डिक्क्या!" आणि तरीही मे महिन्यातल्या एका शनिवारी हेंकची गाडी दक्षिणेकडून, बेल्जियमच्या बाजूनं आली, मागे छकडा, छकड्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीला उंचवटे.

मी खिडकीतूनच बघितलं. काका फुटपाथवरून उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर केला. तो हात बघायला हवा होता तुम्ही. मुलीच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या म्हाताऱ्याचा नव्हताच तो. हेंकनं निमूट गाडी थांबवली. मी चपला शोधत बाहेर धावले, पण तोवर त्यांनी मागची दोरी सोडून ताडपत्री उचलली होती.

आत एक आरामखुर्ची होती. चाकांचा वॉकर होता, टेबललॅम्प होता, भिंतीवरचं घड्याळ, आणि उशाशी ठेवायचं एक छोटं कपाट. लाकूड म्हणावं तर तेवढंच.

हेंक उतरून आला. चिडला नाही. मला म्हणाला, "त्यांना सांग, हे माझ्या आईचं आहे. वृद्धाश्रमातली खोली रिकामी करून द्यायची होती." मग म्हणाला, शेवटचे सगळे आठवडे आत सोडत नव्हते. तो बाहेर गवतावर उभा राहायचा, ती काचेआडून हात हलवायची, आणि एके दिवशी खुर्ची रिकामी दिसली. मी हे सगळं मराठीत सांगितलं.

काकांनी माकडटोपी काढली. "माफ करा जी," म्हणाले, सरळ मराठीत. मग ताडपत्री खाली घेतली, चारी बाजूंनी खोचली आणि दोरी पुन्हा बांधायला लागले. ट्रकवाले बांधतात तशी, पिळे देऊन, खेचून. हेंकचं घर समोरच होतं, दहा पावलांवर. तरी ते बांधत राहिले आणि तो बांधू देत राहिला.

त्या दिवसापासून ते लाकडाबद्दल कमी आणि तिकिटाबद्दल जास्त बोलायला लागले. "ताई, तुम्ही सांगा ना रश्मीले. मी जाईन कोपऱ्यात बसून, मास्क लावून. मले काही होत नाही." रश्मीचा जीव वेगळ्याच कात्रीत सापडलेला. बाबांना शुगर, हृदयाला एक स्प्रिंग घातलेली. विमानात बसवायचं म्हणजे हातानं आगीत लोटायचं, असं तिला वाटायचं. आणि आईही फोनवर तेच सांगायची, "नका येऊ आत्ता. मी ठणठणीत आहे. तुम्हाले नाक्यावर बसायची सवय आहे ना, बसा अजून थोडे दिवस." खास विमानं सुटायला लागली, तरी उन्हाळा असाच गेला. शेवटी व्हिसाची वाढवलेली मुदत संपत आली, तेव्हा सप्टेंबरचं तिकीट पक्कं झालं. त्या दिवशी काकांनी आमच्याकडे शिरा पाठवला. स्वतः केलेला, गुठळ्यांचा.

गणपती झाले आणि तिकडे रश्मीच्या आईला ताप आला. दोन दिवस फोनवर हसली, तिसऱ्या दिवशी बोलताना दम लागायला लागला. काकांचा पुतण्या तिला गोंदियाला घेऊन गेला. खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला. पण ती परत आली नाही.

तिकीट होतंच, त्याच तिकिटावर ते नंतर गेले. आता आमगावला एकटे असतात, गाय ठेवली आहे. रश्मी दोनदा जाऊन आली. इकडे या म्हटलं तर ते येत नाहीत, आणि मला कधी फोनही केला नाही त्यांनी. मी केला तर 'बरं आहे' म्हणतात आणि ठेवतात. मला त्यांची आठवण येते. खूप येते. इतकं संशयी माणूस इतकं आपलंसं वाटेल, असं कुणी त्या मार्चमध्ये सांगितलं असतं तर मी हसले असते.

पण आठवण येते म्हणजे डोळ्यांपुढे येते ती त्या बातमीच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. रश्मी वरच्या खोलीत दार लावून रडत होती, काका आमच्या मागच्या बागेत खुर्चीवर बसले होते. मी चहा ठेवला होता, तो गार झाला होता. हेंकनं दारातून टाकलेलं सांत्वनाचं कार्ड त्यांच्या मांडीवर होतं. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. त्यांनी नेहमीसारखा समोर धरला.

"झालं काका," पुतण्या म्हणाला. "सगळं नीट झालं."

"घाटावर लाकूड होतं?"

"नव्हतं. जे होतं ते संपलं होतं, अन् पाऊस लागून आहे. कोरडं कुठंच भेटत नव्हतं. रात्रभर थांबावं लागलं. मग सकाळी ट्रॅक्टर घेऊन पलीकडे गेलो, बालाघाटच्या बाजूले. तिथल्या एका ओळखीच्या मानसानं दिलं."

"कसं होतं?"

"ओलसर होतं."

"सालीसकट?"

"हो काका. सालीसकटच."

काका फोनकडे बघत होते. मला वाटलं, हा फोन घ्यावा त्यांच्या हातातून आणि बंद करावा.

"आपल्याच नाक्यावरून आणलं?"

"दुसरा रस्ता कुठं आहे?"

"कोनी होतं नाक्यावर?"

"होता ना, एक नवीन गार्ड. हात दाखवला, थांबलो. ताडपत्री उचलून पाहिली त्यानं. साल पाहिली, पास मागितला. पास कुठला? मी म्हटलं, काकूसाठी नेऊन राहिलो, घाटावर वाट पाहून राहिले. तुमचंही नाव सांगितलं, पन तो नवीन, त्याले माहीत नव्हतं. मग त्यानं ताडपत्री खाली टाकली, अन् गेट उघडलं."

"सोडलं?"

"सोडलं, काका."

मला रडू आवरेना. मी ओढणीनं तोंड दाबून धरलं. काकांनी फोन बंद केला, कार्डावर ठेवला, आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"ताई, मी असतो ना तिथं, तर नसतं सोडलं जी."